सात लॉट, एकच आकडा

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी मे महिन्यात बारा दिवस रजा घेतली होती. त्या बारा दिवसांत मी सोयाबीनच्या सात लॉटची उगवण तपासली, असं आमच्या ऑफिसच्या संगणकात लिहिलेलं होतं. एका लॉटच्या चारशे बिया, म्हणजे सात लॉटच्या अठ्ठावीसशे. एवढ्या बिया मी म्हणे भिजवल्या, रुजवल्या, मोजल्या, आणि प्रत्येक लॉटखाली माझ्या नावाची अक्षरंही होती. प्रत्यक्षात मी अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी होते. आईच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा औषधाचे थेंब टाकायचे आणि तिला डोळा चोळू द्यायचा नाही, एवढंच माझं त्या दिवसांतलं काम. आजही हे लिहिताना डोकं तापतं.

नवीन जालन्यात स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर एका बियाणे कंपनीचं ऑफिस आहे. मागे तिचं गोदाम आणि गोदामाला लागून प्रयोगशाळा. त्या प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं काम केलं. प्रयोगशाळा म्हटलं की लोकांना काचेची नळकांडी आठवतात. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. शेतकऱ्यांकडून बियाणं म्हणून आलेला माल एकेका लॉटने गोदामात लागायचा. प्रत्येक लॉटमधून आम्ही नमुना काढायचो. जाड कागद ओला करायचा, त्यावर शंभर बिया ओळीने मांडायच्या, कागदाची गुंडाळी करायची. एका लॉटच्या अशा चार गुंडाळ्या. त्या जर्मिनेटर नावाच्या कपाटात उभ्या ठेवायच्या. कपाटात ऊब आणि ओल कायम राहते. आठव्या दिवशी गुंडाळ्या उघडायच्या आणि मोजायचं: सरळ, धड कोंब किती, तुटके-वाकडे किती, कुजलेलं बी किती. चारही गुंडाळ्यांची सरासरी सत्तरच्या खाली गेली तर सोयाबीनचा लॉट नापास. तो बियाणं म्हणून विकायचा नाही. बस, एवढंच आमचं काम. पण या एवढ्याशा कामावर पुढे कोणाचं तरी रान उगवतं किंवा मोकळं राहतं, हे मला शेतकऱ्याच्या घरात जन्मल्यामुळे वेगळं शिकवावं लागलं नव्हतं.

आधी हे सगळं वहीत लिहायचो. तीन वर्षांपूर्वी मीच एक्सेलमध्ये फाइल तयार केली. एका लॉटला एक शीट. वर लॉट नंबर, वाण, माल कुठल्या गावचा, नमुना कधी काढला. मधे चार गुंडाळ्यांचे रकाने. खाली सरासरी आपोआप यायची. शेरा लिहायला एक मोठा चौकोन आणि सगळ्यात खाली 'तपासणी करणार'. सुरुवातीला एक शीट मी रिकामी ठेवली होती, तिचं नाव 'कोरी'. नवा लॉट आला की कोरीच्या टॅबवर उजवं बटण दाबायचं, मूव्ह ऑर कॉपी म्हणायचं, खालच्या बारीक चौकोनात क्रिएट अ कॉपीची खूण करायची, ओके. नवी कोरी शीट तयार. तिला लॉट नंबरचं नाव द्यायचं आणि भरायला घ्यायची. खूण करायची विसरली तर कॉपी होत नाही, मूळ शीटच उचलून दुसरीकडे जाते. हे मी माझ्या सहकाऱ्याला दहा वेळा तरी सांगितलं असेल.

सहकारी माझ्याच वयाचा, माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेला, स्वभावाने गरीब. त्याला एक खोड होती. तो कोऱ्या शीटची कॉपी न करता आधीच्या लॉटच्या भरलेल्या शीटची कॉपी करायचा. म्हणायचा, "मॅडम, वाण तोच, गाव तेच, परत परत कोण टाइप करणार? नंबर बदलला, आकडे पुसले की झालं."

"आणि आकडे पुसायचे राहिले तर?"

"राहत न्हाईत."

मी रागावायचे, तो हसायचा, आणि दोघंही पुढच्या गुंडाळीकडे वळायचो. इथे माझीही एक चूक कबूल करते. 'तपासणी करणार'च्या चौकोनात मी माझ्या नावाची अक्षरं कोऱ्या शीटमध्येच भरून ठेवली होती. मुख्य तपासनीस मीच होते, रोज तेच तेच टाइप करायचा कंटाळा यायचा. सही ही सगळं झाल्यावर करायची गोष्ट आहे, आणि मी ती काम सुरू व्हायच्या आधीच करून ठेवली होती. कोणी या गोष्टीत माझा दोष विचारला तर तो एवढा आहे, आणि तो मी लपवलेला नाही.

रजेवरून आले तेव्हा गोदाम निम्मं रिकामं झालेलं. बॅगा विक्रेत्यांकडे रवाना झाल्या होत्या. हंगामाच्या तोंडावर तसंच असतं, मला वावगं वाटलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात हंगामाचा गोषवारा करायला बसले. एकेक शीट उघडायची, सरासरी बघायची, यादीत उतरवायची. एका शीटवर आले आणि शेऱ्याच्या चौकोनात माझं वाक्य वाचलं: 'तिसऱ्या गुंडाळीत डाव्या कडेला पाणी कमी पडलं, दोन बिया कोरड्या राहिल्या.' मला ते आठवत होतं. रजेवर जायच्या आदल्या आठवड्यात मीच लिहिलेलं. सरासरी त्र्याऐंशी. उतरवली. पुढची शीट उघडली. शेरा: तिसऱ्या गुंडाळीत डाव्या कडेला पाणी कमी पडलं, दोन बिया कोरड्या राहिल्या. सरासरी त्र्याऐंशी.

मला वाटलं मी चुकून तीच शीट पुन्हा उघडली. लॉट नंबर पाहिला, वेगळा होता. पुढची उघडली. तोच शेरा, तेच आकडे: चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी, पंच्याऐंशी, एक्याऐंशी. त्याच्या पुढची. त्याच्याही पुढची. मूळ लॉट सोडून सात शीट, आणि सातही लॉटच्या तिसऱ्या गुंडाळीला डाव्या कडेलाच पाणी कमी पडलेलं. सातही शीटवर माझं नाव. एका शीटला तर नावसुद्धा धड दिलेलं नव्हतं. मूळ लॉटचा नंबर आणि पुढे कंसात दोनचा आकडा, संगणक आपणहून लावतो तो, तसाच लोंबत होता.

मी उठून मावशींकडे गेले. मावशी म्हणजे आमच्याकडे कागद भिजवणाऱ्या, गुंडाळ्या करणाऱ्या बाई. त्या ट्रे धूत होत्या.

"मावशी, मी रजेवर असताना किती गुंडाळ्या केल्या तुम्ही?"

"एक बी न्हाई ताई. कपाट बंदच व्हतं. मी आतून पुसून काढलं, फळ्या उन्हात घातल्या." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी हात थांबवला. "का? काही पायजे व्हतं का?"

सहकारी गोदामात होता. मी त्याला आत बोलावून स्क्रीनसमोर उभं केलं आणि एकेक शीट दाखवत गेले. तिसऱ्या शीटला तो खाली बघायला लागला.

"साहेबांनी सांगितलं मॅडम. गाड्या दारात लागल्या होत्या. म्हणले, फॉर्मॅट टाकून ठेव, रिपोर्ट जाऊ दे, आकडे मागून भरू. मी म्हणलं मॅडम आल्यावर भरू. मंग राहून गेलं."

"काय राहून गेलं? आकडे भरायचे की बी रुजवायचं?"

मी शेवटच्या शीटच्या तळाशी बोट ठेवलं.

"आणि माझं नाव?"

"ते मी टाकलं न्हाई मॅडम. शीटसंगं आपोआप आलं."

खरं होतं ते. त्या क्षणी मला त्याच्यापेक्षा माझाच जास्त राग आला. तो राग फार वेळ टिकला नाही, कारण लगेच मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेब आमचे व्यवस्थापक. जालन्यातच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, शिकलेल्या घरातले, मृदू बोलणारे. अकरा वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवलेला नव्हता. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मॅडम, सगळा माल एकाच पट्ट्यातला. एकाच हंगामाचा, एकाच गोदामातला. एका लॉटला त्र्याऐंशी आली तर बाकीच्यांना काय चाळीस येणार आहे?"

"येऊ शकते. म्हणून तर आपण प्रत्येक लॉट वेगळा तपासतो."

"तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण प्रॅक्टिकली बघा."

"साहेब, मी गावाला होते. त्यावर माझं नाव आहे."

"तुमच्या नावावर विश्वास आहे म्हणूनच ना."

मी आयुष्यात ऐकलेल्या वाक्यांत इतका संताप आणणारं दुसरं वाक्य नसेल. विश्वास आहे म्हणून न विचारता वापरलं. मी म्हणाले, प्रत्येक लॉटचा राखीव नमुना आपल्याकडे आहे, तो मी आजच लावते. ते म्हणाले, "लावा ना. कोण नको म्हणतंय?"

मी आणि मावशींनी त्याच दुपारी अठ्ठावीस गुंडाळ्या लावल्या. सहकारी आपणहून आला, बाही सरकवून बिया मांडायला बसला. पुढचे आठ दिवस मी रोज सकाळी आल्या आल्या कपाट उघडून ओल बघायचे. घरी नवऱ्याने विचारलं, एवढी का धास्तावली आहेस, तुझी काय चूक आहे? मी त्याला म्हटलं, चूक कोणाची ते नंतर बघू, बॅगा सध्या दुकानात आहेत, अजून कोणी पेरलेलं नाही.

आठव्या दिवशी उघडल्या. खरं सांगायचं तर साहेब बऱ्याच अंशी बरोबर ठरले. पाच लॉट पंच्याहत्तर ते ऐंशीच्या दरम्यान आले. एक बाहत्तरवर, काठावर पास. सातवा उघडला तेव्हा गुंडाळीला वासच वेगळा होता. आंबूस, ओल्या पोत्यासारखा. मावशी म्हणाल्या, "ताई, हा भिजलेला माल दिसतो." काढणीच्या वेळी पावसात सापडलेलं सोयाबीन वरून वाळवलं की चांगलं दिसतं, आत जीव राहत नाही. मी मोजलं. सहकाऱ्याने परत मोजलं. दोघांचा आकडा एकच, चौपन्न.

मी सातही शीटमध्ये खरे आकडे भरले. शेरे नवीन लिहिले. सातव्यात लिहिलं: लॉट नापास, माल परत बोलवावा. साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल उघडली तर सहा शीटमध्ये माझे नवे आकडे जसेच्या तसे होते आणि सातवीत त्र्याऐंशी. तिसऱ्या गुंडाळीत डाव्या कडेला पाणी कमी पडलं, दोन बिया कोरड्या राहिल्या. कोणी तरी जुन्या शीटची पुन्हा कॉपी करून माझी शीट पुसून टाकली होती. सहकाऱ्याने मुलीची शपथ घेतली, मी हात लावला न्हाई. माझा त्याच्यावर विश्वास बसला. फाइल उघडू शकणारा तिसरा माणूस एकच होता.

या वेळी केबिनचं दार मी उघडंच ठेवलं.

"साहेब, सातव्या शीटमध्ये परत त्र्याऐंशी कशी आली?"

"मॅडम, त्या लॉटचा रिपोर्ट आधीच गेलेला आहे. गेलेला रिपोर्ट एक आणि फाइलमध्ये दुसरं, असं ठेवता येत नाही. उद्या कोणी तपासायला आलं तर?"

"बाकीच्या सहाचाही रिपोर्ट गेलेला आहे. तिथे बदललेले आकडे बरे चालतात."

"ते पास आहेत."

"म्हणजे पास झाला तर खरा आकडा, नापास झाला तर जुना?"

"तुम्ही शब्दात पकडू नका. एक लॉट आहे. थोडी उगवण कमी म्हणजे काही शून्य नाही. शेतकरी तसंही बी जास्तच टाकतो."

माझ्या वडिलांनी आयुष्यभर पेरणी केली. पेरायच्या दिवशी ते घरात कोणाला मोठ्याने बोलू द्यायचे नाहीत, एवढा त्या दिवसाचा त्यांना धाक होता. तसंही बी जास्तच टाकतो. हे म्हणायचं केबिनमध्ये बसून, पंख्याखाली. मी काही बोलले असते तर तोंडातून काय निघालं असतं मलाच ठाऊक नाही, म्हणून बाहेर आले.

जागेवर बसून मी सातव्या शीटसाठी नव्याने सगळे आकडे भरले. ते आकडे माझ्या डायरीत पेन्सिलने लिहिलेले होतेच. मग टॅबवर उजवं बटण दाबलं, मूव्ह ऑर कॉपी, पण या वेळी वरच्या खणात आमच्या फाइलऐवजी नवी फाइल निवडली, कॉपीची खूण केली आणि शीटची प्रत एका स्वतंत्र फाइलमध्ये काढली. तिचे तीन प्रिंट काढले. तिन्हींवर पेनने, पूर्ण नावाने सही केली, खाली तारीख घातली. एक प्रिंट कंपनीच्या मुख्य कार्यालयात गुणवत्ता विभागाला पाठवला, जावक वहीत नोंद करून. एक साहेबांच्या टेबलावर ठेवला. एक माझ्या पर्समध्ये. मुख्य कार्यालयाकडून आठ दिवस काही उत्तर आलं नाही. मी दोनदा फोन केला. एकदा सांगितलं, संबंधित अधिकारी दौऱ्यावर आहेत. दुसऱ्यांदा सांगितलं, पत्र मिळालं, बघून राह्यलेत. त्या आठ दिवसांत पेरण्या झाल्या. आकडा बदलल्याबद्दल मी साहेबांना एक वेळ माफ करेन, पण त्या आठ दिवसांसाठी कोणालाच नाही. बॅगा दुकानात होत्या, एका फोनने परत आल्या असत्या.

जुलैच्या सुरुवातीला एक शेतकरी ऑफिसात आला. वाटूरच्या पुढच्या एका गावातला, पन्नाशीचा, पांढरा शर्ट, पायात मातीने भरलेल्या चपला. हातात प्लास्टिकची पिशवी. साहेब बाहेरच्या हॉलमध्येच होते. त्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी गोषवाऱ्याचे कागद घेऊन तिथून चालले होते, ती थांबले.

त्याने पिशवी टेबलावर उघडली. आत तासातून, म्हणजे पेरलेल्या ओळीतून, उकरून काढलेलं बी होतं, फुगून, काळं पडून कुजलेलं. शेजारी कंपनीच्या बॅगेला शिवलेलं लेबल.

"साहेब, पेरून चौदा दिवस झाले. तासात इथं एक, तिथं एक. बाकी असं."

साहेबांनी बी बोटाने उलटंपालटं केलं. "काका, खोल पडलं असेल. नाही तर पेरल्यावर वर मातीची पापडी धरली असेल. यंदा बऱ्याच ठिकाणी तसं झालंय."

"खोल कशानं पडंल? तीस वर्सं झाली, पेरून राह्यलो मी. बरं, त्याच रानात अर्ध्यात घरचं बी टाकलं, त्याच दिवशी, त्याच पेरणी यंत्रानं. ते बराबर उगवलं. बांधावरून बघितलं तरी दिसतंय, इकडं हिरवं, इकडं मोकळं. मंग माझं चुकलं तर अर्ध्यातच कसं चुकलं?"

"तुम्ही बीजप्रक्रिया केली होती का? औषध चोळलं होतं?"

"केली."

"जास्त चोळलं असेल. त्यानेही उगवण कमी होते, काका. आमच्याकडे लॉटची तपासणी होऊनच माल जातो. रिपोर्ट आहे."

तो पिशवीतल्या बियांकडे बघत, अगदी हळू, स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाला, "औषध जास्त झालं असंल का मंग?"

तो स्वतःवर संशय घ्यायला लागला होता. मला ते बघवलं नाही. मी पुढे होऊन लेबल उचललं. नंबर वाचायची गरज नव्हती, तरी वाचला.

"काका, तुमचं काही चुकलेलं नाही. या लॉटची उगवण मी तपासली आहे. चौपन्न आली. हा माल विकायला नको होता."

हॉलमध्ये आणखी दोन-तीन माणसं होती. साहेब अगदी नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही आत या."

"येते. आधी यांचं होऊ दे."

शेतकऱ्याने विचारलं, "ताई, हे तुमी कागदावर देता का?"

पर्समधला तिसरा प्रिंट मी त्याला दिला. त्याने तो पूर्ण वाचला, सही वाचली, माझ्याकडे बघितलं, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. आभार वगैरे काही मानले नाहीत, आणि मानायचं कारणही नव्हतं. बाहेर पडताना एवढंच म्हणाला, "आमच्या गावात अजून चौघांनी हेच नेलंय. ते बी मला म्हणून राह्यले व्हते, आपलंच काही चुकलं असंल."

पुढचं सरळ झालं. त्याने आणि त्या चौघांनी तालुक्याच्या कृषी कार्यालयात तक्रार दिली. बियाण्यांच्या तक्रारी बघणाऱ्या समितीची माणसं शेतात आली, तासातली रोपं मोजून पंचनामा करून गेली. त्यांच्या कागदांना माझा प्रिंट जोडलेला होता. कंपनीने मग त्या लॉटच्या उरलेल्या बॅगा परत बोलावल्या, ज्यांनी तक्रार केली त्यांना दुसरं बियाणं दिलं. वाटूरकडच्या त्या पाचही जणांनी पुन्हा पेरलं, जवळपास महिनाभर उशिरा. उशिराचं सोयाबीन जसं येतं तसं आलं. तक्रार न करता गप्प बसलेले किती होते, हे मला कधीच कळलं नाही. ते घरात बसून स्वतःलाच बोल लावत असतील, औषध जास्त झालं, खोल पडलं. याचा विचार आला की अजून जेवण गोड लागत नाही.

आणि मला काय मिळालं? मेमो मिळाला. 'कार्यालयीन दस्तऐवजाची प्रत सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय काढून बाहेरच्या व्यक्तीस दिल्याबद्दल' खुलासा करावा. मी तो कागद तीन वेळा वाचला. एका तपासणीच्या सात प्रती काढून सात लॉटला चिकटवल्या, त्यात माझं नाव माझ्या परवानगीशिवाय गेलं, त्याबद्दल कोणाला कधी एक ओळीचा कागद गेला नाही. खऱ्या शीटची एक प्रत मी काढली, तिचा खुलासा मागितला. मी दीड पानाचा खुलासा लिहिला. काय घडलं ते क्रमाने लिहिलं, माझी कोऱ्या शीटमधली सहीची चूकही लिहिली. उत्तर आलं नाही.

उत्तराऐवजी महिन्याभराने मुख्य कार्यालयातून एक माणूस आला आणि आमच्या फाइलला कुलूप घालून गेला. आता शीटच्या टॅबवर उजवं बटण दाबलं की मूव्ह ऑर कॉपी हे शब्द पुसट दिसायचे, त्यावर बोट चालायचं नाही. नवी शीट हवी असेल तर साहेबांना सांगायचं, पासवर्ड त्यांच्याकडे. त्या माणसाला मी विचारलं, "ज्यांनी आकडे बदलले, त्यांच्याच हातात किल्ली देताय?" तो म्हणाला, "मॅडम, मला फक्त प्रोटेक्ट करायला सांगितलंय." मी जेवायला बाहेर निघून गेले.

दिवाळीनंतर माझी बदली लेबल छापायच्या विभागात केली. प्रयोगशाळेच्या दाराशी माझा काही संबंध उरला नाही. सहकारी मधल्या सुट्टीत येऊन बसायचा. एकदा म्हणाला, "मॅडम, मी बोलायला पायजे होतं समितीपुढं. माझी हिंमत झाली न्हाई. घरी दोन पोरी." मी त्याला म्हटलं, तुम्ही त्या दिवशी मोजायला बसलात, ते मी विसरले नाही. त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं, खरंच तसं होतं. पण त्याने बोलायला हवं होतं, हेही तितकंच खरं, आणि तेही मी त्याला सांगितलं.

लेबल विभागात मी चार महिने काढले आणि मग राजीनामा द्यायचं ठरवलं. अंबडला बियाणं तपासणारी एक लहान प्रयोगशाळा निघाली होती, तिथे काम मिळत होतं. आमच्या ऑफिसात राजीनाम्याचाही छापील नमुना आहे. 'वैयक्तिक कारणास्तव मी स्वखुशीने' असं त्यात आधीच छापलेलं असतं, खाली फक्त नाव घालायचं. मी ते वाक्य पेनने खोडलं आणि वर लिहिलं, मी न केलेल्या तपासणीवर माझं नाव घातलं गेलं आणि केलेल्या तपासणीचा आकडा पुसला गेला, या कारणास्तव.

ऑफिसातल्या बाईंनी कागद परत केला. "मॅडम, खाडाखोड चालत नाही. दुसरा फॉर्म घ्या."

"दुसऱ्यावरही हेच लिहीन."

"मग कार्यमुक्तीचं पत्र अडकेल."

"अडकू द्या."

तीन आठवडे अडकलं. मी रोज दहा वाजता जाऊन हॉलमधल्या त्याच खुर्च्यांपैकी एकीवर बसायचे आणि साडेपाचला उठायचे. चौथ्या आठवड्यात पत्र मिळालं. त्यात कारणाची जागा मोकळी सोडली होती. मी बसस्टँडवर गाडीची वाट बघत बाकावर बसले, पत्र मांडीवर धरलं आणि त्या मोकळ्या जागेत माझं कारण माझ्या अक्षरात पुन्हा लिहून काढलं. त्या कागदाला तसा काही अर्थ नव्हता, तो फक्त माझ्याकडेच राहणार होता. गाडी आली, मी चढले.